वीस गोण्यांचा नेम

माझं मराठी चांगलं आहे असं मला कधी कुणी म्हटलेलं नाही. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण महाडच्या कारखान्यांच्या कॉलनीत वाढलेल्या मुलांचं मराठी जसं असतं तसं ते होतं, जेवणापुरतं आणि भांडणापुरतं. शाळा इंग्रजी. मराठी हा एक विषय होता आणि त्यात मी पास व्हायचे, इतकंच. त्यामुळे पदवीनंतर गावातच एका संस्थेत नोकरी लागली आणि तिथल्या सरांनी माझ्यावर सोपवलेलं पहिलं मोठं काम इंग्रजीचं मराठी करायचं निघालं, याचं मला आजही नवल वाटतं. मी कशालाच नाही म्हणत नसे, म्हणून ते माझ्याकडे आलं असावं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आमची संस्था पाण्याचं काम करायची. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू व्हायच्या आधी डाव्या हाताला एक पायवाट वर जायची. त्या वाटेवर अर्धा तास चढलं की एक वाडी होती. पावसाळ्यात तिथे इतकं पाणी की बोलणं ऐकू येऊ नये, आणि होळीनंतर बायका हंडे घेऊन खालच्या झऱ्याला रांग लावायच्या. वाडीखालून एक वहाळ जायचा. पाऊस संपला की त्याचं पाणी दोन-अडीच महिन्यांत वाहून संपायचं. ते अडवायला तीन ठिकाणी बंधारे घालायचे असं ठरलं. सिमेंट नाही, यंत्र नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत काठावरची माती अर्ध्यापर्यंत भरायची, तोंड सुतळीने बांधायचं, गोणी डोक्यावरून वहाळात न्यायची आणि एकावर एक रचायची. कापणी, झोडणी आटोपली होती. पुरुष बहुतेक मुंबईला. कामाला दहा बायका तयार झाल्या.

आम्हाला पैसे देणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी एक तक्ता पाठवला होता. काम सुरू करण्याआधी गटाने आपलं ध्येय स्वतः ठरवायचं, सगळ्यांचं मिळून एक आणि प्रत्येकाचं वेगळं, आणि ते सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. वर इंग्रजीत गोल, खाली टार्गेट.

‘‘सोप्या मराठीत कर,’’ सर म्हणाले. ‘‘उद्दिष्ट-बिद्दिष्ट लिहिलंस तर बायका जांभया देतील.’’

मी शब्दकोश घेऊन बसले. ध्येय म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आठवायचे. लक्ष्यच्या स्पेलिंगची मला खात्री नव्हती. मग वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर मला ‘नेमबाजी’ दिसली. नेम! दोन अक्षरं. इंग्रजीतल्या ‘एम’ या शब्दाशी चक्क यमक जुळतं. लहानपणी कैरीवर दगड मारताना आम्हीही नेमच धरायचो. मी इतकी खूश झाले की कुणाला विचारलंच नाही. विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

मोठ्या कागदावर जाड निळ्या पेनाने मी लिहिलं: ‘आपला नेम – देवदिवाळीच्या आत तीन बंधारे.’ त्याखाली: ‘प्रत्येकीचा नेम – रोज वीस गोण्या वाहणे.’ शेजारी डोक्यावर गोणी घेतलेल्या बाईचं चित्र काढायचं मनात होतं, पण जीप सुटत होती म्हणून ते राहिलं.

वाडीत सगळ्यांना दिसेल अशी एकच जागा होती, देवीच्या देवळाची पडवी. तिथल्या भिंतीला आम्ही कागद लावला. सरांनी तो वाचून दाखवला. गटातली सगळ्यात वयस्कर बाई पुढे सरकली. तिला सगळ्या आते म्हणत.

‘‘रोज?’’ तिने विचारलं.

‘‘रोज,’’ सर म्हणाले.

‘‘खाडा नाय?’’

‘‘खाडा नाही.’’

‘‘दहा जनींनी घ्यायचा?’’

‘‘दहाही जणींनी.’’

आते म्हणाली, ‘‘मंग आमाला इचार करू द्या.’’ आणि दहाही जणी देवळामागे गेल्या. चांगला अर्धा तास लागला. आवाज चढत होते, उतरत होते. सर माझ्याकडे बघून हसले. गट स्वतः ठरवतोय, पुण्याला हेच हवं होतं. परत आल्यावर एकेकीने कागदाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. मी डायरीत लिहिलं, ‘सहभाग उत्तम.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने पोलादपूरला उतरून वर पोचले तर दहाही जणींचे केस ओले होते. कुणाच्या पायात चप्पल नव्हती. कागदावरच्या ‘नेम’ या शब्दाला कुंकू लागलं होतं आणि वरच्या टाचणीत झेंडूचं फूल खोचलं होतं. सर दुपारी आले आणि त्यांनी त्याचा फोटो काढला.

काम जोरात चाललं. माझं काम नोंदीचं. प्रत्येकीच्या नावापुढे प्रत्येक खेपेची एक रेघ. शिवाय प्रत्येकीने खेपेमागे आपला एक खडा ठेवायचा होता, म्हणजे माझ्या रेघा आणि तिचे खडे जुळले पाहिजेत. भरण्याच्या खड्ड्यापासून वहाळापर्यंत उतार होता, साठ-सत्तर पावलांचा, आणि ओल्या मातीवर पाय घसरायचे.

गटात मुंबईहून नुकतीच परतलेली एक होती, तिला सगळ्या मुंबईवालीच म्हणत. तिची बडबड थांबायची नाही.

‘‘चाळीत एका हंड्यासाठी लाइन लावायचे मी. हितं डायरेक्ट अख्खा वहाळ अडवते. प्रमोशन झालं का नाय?’’

‘‘प्रमोशन झालं तर उचल की मंग गोनी,’’ आते म्हणायची.

‘‘उचलते ना. ओ ताई, तुमच्या पेनाचं वजन किती वो? दुखत असंल हात तर सांगा, मी लिवते, तुमी जरा ही उचला.’’

सगळ्या हसायच्या, मीही हसायचे आणि खाली बघायचे. पण एक गोष्ट मला खटकत होती. वीस पुरे होईपर्यंत कुणी भाकरीला हात लावत नव्हतं. ऊन डोक्यावर यायचं, दीड वाजायचा, दोन वाजायचे. पाणी प्यायच्या, बस्स. मला वाटलं उत्साह आहे.

चौथ्या दिवशी करवंदीच्या जाळीमागे मला ओकण्याचा आवाज आला. गटातली सगळ्यात लहान, जिला सगळ्या धाकली म्हणत, तिथे वाकून उभी होती. माझ्याच वयाची असेल. नवरा मुंबईत हॉटेलात कामाला. ती कमी बोलायची म्हणून मला तिच्याजवळ बरं वाटायचं.

‘‘ताई, कुनाला बोलू नका.’’ तिने पदराने तोंड पुसलं.

‘‘तुला बरं नाही का?’’

तिने तीन बोटं दाखवली. मला कळायला वेळ लागला.

‘‘आदीचे दोन याच महिन्यात गेले,’’ ती म्हणाली. ‘‘पाचवा लागंस्तवर कुनाला सांगायचं नाय, असं हाय आमच्यात. सासूला पन नाय सांगितलं.’’

‘‘मग गोण्या का उचलतेस?’’

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेडं काहीतरी विचारलं. ‘‘नेम हाय ना,’’ ती म्हणाली, आणि खड्ड्याकडे गेली.

मला ते वाक्य नीट लागलं नाही. नेम आहे म्हणजे काय? नेम चुकतो, नेम पुन्हा धरता येतो. दुपारी आते एकटी सावलीला बसलेली बघून मी तिच्याजवळ गेले. कसं विचारायचं हे मनात तीनदा जुळवलं.

‘‘आते, एखादीला एखाद्या दिवशी बरं नसलं, तर वीसच्या जागी दहा चालतील ना?’’

‘‘नेमात?’’

‘‘हो.’’

‘‘कसं चालंल गो बाय?’’ ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून राहिली. ‘‘नेम म्हंजे देवीम्होरं बोलायचं. माज्या आयशीचा नेम व्हता, दर मंगळवारी अनवानी गड चढायची. ताप असला तरी चढली. मोडला तर घरावर येतं.’’

‘‘दुसरीने तिच्या वाटचं केलं तर?’’

‘‘ज्याचा त्यानंच करायचा. म्हनून तर देवळामागं भांडलो आमी तवा. ही म्हनाली दहा घेऊ, ती म्हनाली पंधरा. मी म्हटलं, तायनी लिवलंय वीस, त्या शिकल्यासवरल्या हायती, उगा नाय लिवनार.’’

टार्गेट शब्दाचं भाषांतर करताना मी दहा बायकांना व्रत घालून आले होते. आणि कुंकू, ओले केस, अनवाणी पाय, उपास हे सगळं चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्याच्या नोंदी करत होते.

सरांना सांगायला हवं होतं. समोर बोलायला जमेना म्हणून मी जीपमध्ये त्यांना इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. धाकलीचं गुपित मी त्यात लिहिलं नाही, ते माझं नव्हतं. फक्त लिहिलं की शब्द चुकलाय, बायका त्याला नवस समजल्यात, आपण कागद बदलू.

सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. ‘‘शब्द चुकलेला नाही, शब्द लागू पडलाय. कुठल्याही गावात असं काम मी बघितलेलं नाही. आता हात लावायचा नाही त्याला.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘तू नोंदी छान करतेस.’’

पाचव्या दिवशी मी खड्ड्याशेजारी जाऊन बसले आणि गोण्या भरायला हात लावला. धाकलीची गोणी माझ्याकडे आली की मी फावडी दोन कमी टाकायचे. पहिल्या दोन खेपा निभावल्या. तिसरीला तिने गोणी उचलून तोलली, परत खाली ठेवली, स्वतः दोन फावडी माती टाकली आणि तोंड बांधलं.

मग मी वही धरली. तिची चौदावी खेप झाली तेव्हा मी पंधरावी रेघ मारली. तिने आपले खडे मोजले.

‘‘ताई, चौदाच झाल्यात.’’

‘‘पंधरा आहेत, वहीत बघ.’’

‘‘चौदा हायत.’’ आवाज हळू होता. ‘‘असं नका करू. माझ्या अंगाशी येईल.’’

मी रेघ खोडली. त्या पानावर ती अजून असेल, जाड खोडलेली.

सहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला ती उताराच्या मधोमध खाली बसली. गोणी डोक्यावरून घसरून बाजूला पडली. तिने दोन्ही हातांनी ओटीपोट धरलं होतं. सगळ्या धावल्या. आतेने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि विचारलं, ‘‘कितवा म्हैना?’’

‘‘तिसरा,’’ मी म्हणाले. मोठ्याने. माझ्याच कानांना तो आवाज परका वाटला. गुपित गेलं होतं.

दोन जणींनी तिला हात धरून रस्त्यापर्यंत उतरवलं. विटा टाकून रिकामा परतणारा टेम्पो मिळाला. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, तिचं डोकं भिंतीला टेकलेलं. थोडा डाग दिसला होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चिडूनच सांगितलं, ठोके आहेत, पण तीन आठवडे काही उचलायचं नाही, उपाशी राहायचं नाही. ‘‘हंडासुद्धा नाही. कळलं का?’’

बाहेर आल्यावर मी म्हणाले, ‘‘ऐकलंस ना? संपलं आता.’’

‘‘आज तेरा झाल्या,’’ ती म्हणाली. ‘‘सात राहिल्या.’’

‘‘अगं, बाळ जाईल.’’

‘‘ताई, तुमाला सांगितलं नाय मी.’’ ती रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत होती. ‘‘कागदाला हात लावला तवा मी मनात बोलले. तीन बंधारे पुरे करीन, एक खाडा नाय करनार, पन हे राहू दे. आता उचललं तर जाईल, असं बाई म्हनतात. नाय उचललं तर नेम मोडला, तरी जाईल. मी काय करू ते सांगा.’’

मी तिला रिक्षाने वाटेपर्यंत सोडलं आणि मग महाडच्या एसटीत खिडकीशी बसून राहिले. राहिलेल्या सात तिने त्या संध्याकाळी उचलल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नेहमीएवढीच माती भरून. सासू रडत मागे चालत होती म्हणे.

सातव्या दिवशी मी पहिली एसटी पकडली. वर पोचले तेव्हा धाकली खड्ड्याशी उभी होती. केस ओले. चेहरा पांढरा. बाकीच्या नऊ जणी जरा दूर घोळका करून उभ्या होत्या आणि कुणीच गोणी भरायला घेत नव्हतं.

‘‘सोड ना गो,’’ मुंबईवाली म्हणत होती. तिच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. ‘‘देवी काय मस्टर घेऊन बसली हाय? पोलादपूरला डाक्टरनी सांगितलं ना?’’

‘‘तू तुजा मोड मंग,’’ धाकली म्हणाली. मुंबईवाली मागे सरकली. तीही काहीतरी मनात बोलली असावी. सगळ्याच बोलल्या असाव्यात.

आतेने मला येताना बघितलं. ‘‘देवळात चल,’’ ती मला म्हणाली. मग सगळ्यांना, ‘‘चला. कागद वाचू परत. काय घेतलंय ते तरी बघू.’’

आम्ही पडवीत उभ्या राहिलो. आतेला वाचता येत नव्हतं. दोघी-तिघींना अक्षरं लागत होती, पण वाचायचं काम माझंच असल्यासारख्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी वाचलं.

‘‘मोठ्यानं,’’ आते म्हणाली.

‘‘प्रत्येकीचा नेम. रोज वीस गोण्या वाहणे.’’

‘‘वाहने,’’ आते म्हणाली. ‘‘कसं वाहने?’’

मला प्रश्न कळला नाही.

‘‘डोक्यावरनं वाहायच्या, का देवीला वाहायच्या? फूल वाहतो तशा?’’

मी कागदाकडे बघितलं. शब्द तोच होता. मी लिहिलेला, निळा, थोडा तिरका. त्याला दोन अर्थ आहेत हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

‘‘दोनी हुतात,’’ आते म्हणाली. ‘‘आमी डोक्यावरनं समजलो. पन लिवलं तू. लिवनारीच्या मनात काय व्हतं त्यावर नेम. सांग.’’

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती मला वाट करून देते आहे की खरंच विचारते आहे, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. डोळा नाही, खूण नाही, काही नाही. देवळातल्या बाईने कौल मागताना बघावं तशी ती बघत होती. माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. डोक्यावर गोणी घेतलेली बाई होती, ते चित्र काढायचं राहिलं होतं.

‘‘अगो, बोल ना,’’ मुंबईवाली कुजबुजली. ‘‘मराठीत नाय जमत तर इंग्लिशमदी बोल, देवीला समजंल.’’

कुणी हसलं नाही. धाकली माझ्या ओठांकडे बघत होती. शाळेत आम्हाला खोटं बोलण्याची इतकी भीती घातलेली होती की साध्या गैरहजेरीच्या चिठ्ठीतही मी खरं कारण लिहायचे. आणि इथे तर देवीच्या दारात.

‘‘देवीला,’’ मी म्हणाले.

‘‘देवीला काय?’’

‘‘देवीला वाहायच्या. असं होतं मनात.’’

‘‘म्हंजे डोक्यावर घ्यायलाच पायजे असं नाय.’’

‘‘नाही.’’

‘‘दोन हात लावून दिली तरी वाहिली.’’

‘‘हो.’’

‘‘आनि उपाशी? न खाता असं लिवलंय कुटं?’’

‘‘कुठेच नाही.’’

आते धाकलीकडे वळली. ‘‘ऐकलंस? खा आदी.’’ तिने स्वतःच्या फडक्यातली भाकरी काढून तिच्या हातात दिली. धाकली पडवीच्या कडेला बसली. पहिला घास तिला गिळता येईना. आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो, आणि शेवटी मुंबईवाली म्हणाली, ‘‘काय बगताय सगळ्या? नाटक हाय काय? दुसरीकडं बगा, तिला खाऊ द्या.’’

त्या दिवसापासून धाकली खड्ड्याशी पाटावर बसायची. गोणीचं तोंड बांधायची, बांधलेल्या गोणीला दोन्ही हात लावायची, ओठ हलायचे, मग एक खडा बाजूला ठेवायची. ती गोणी दुसरी कुणीतरी उचलायची. नऊ जणींत वीस गोण्या, म्हणजे प्रत्येकीला दोन-दोन जास्त. उरलेल्या दोन आतेने घेतल्या. याला कुणी मदत म्हणायचं नाही, असं आतेने बजावलं होतं. नेम धाकलीचा, त्यांनी फक्त गोणी जागेवर पोचवायची.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज वाट चढताना मी खड्ड्याकडे बघायचे, ती बसलेली आहे का. एखादी तिच्याकडे वळून हळू बोलली की मला वाटायचं शंका आली. आणि तिला काही झालंच, तर ते गोण्यांनी झालं की माझ्या खोट्याने झालं, हे वाडीत कोण ठरवणार होतं? वाडी सोडा, मी काय ठरवलं असतं?

सर आले तेव्हा त्यांची नजर लगेच तिच्यावर गेली. ‘‘ही बसून का? हिचं टार्गेट?’’

‘‘पुरं हुतंय सायेब,’’ आते म्हणाली. ‘‘वीसच्या वीस. तायना इचारा.’’

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी वही पुढे केली. वीस रेघा, वीस खडे. त्यांनी खडे मोजले नाहीत. महिनाअखेरीला पुण्याला पाठवायच्या तक्त्यात ‘प्रत्येकीचं टार्गेट’ हा रकाना भरताना माझी एक अख्खी दुपार गेली. इंग्रजीत दोन्ही अर्थांचा एक शब्द मला सापडला नाही. कॅरीड लिहिलं असतं तर खोटं, आणि ऑफर्ड लिहिलं असतं तर पुण्याहून फोन आला असता. शेवटी क्रियापदच गाळलं. रोज प्रत्येकी वीस गोण्या, एवढंच.

तिसरा बंधारा देवदिवाळीच्या आदल्या दिवशी पुरा झाला. पाणी मागे चढायला लागलं होतं, बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकमेकींवर उडवत होत्या आणि मुंबईवाली ओरडत होती की साडी मुंबईची आहे, रंग जाईल. धाकलीची शेवटची गोणी राहिली होती. तिने तोंड बांधलं, पण हात लावला नाही. मला हाक मारली.

‘‘ताई, एक इचारू?’’

मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

‘‘खरं सांगा. लिवताना मनात हेच व्हतं?’’

चौथा महिना लागून तीनच दिवस झाले होते. मी नाही म्हटलं असतं तर तिच्या हिशेबाने नेम कधीचाच मोडला होता. बोलताना जमिनीकडे बघायची मला सवय आहे, पण तेव्हा खाली बघितलं तर तिला कळेल अशी भीती वाटली. मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

‘‘हो,’’ मी म्हणाले.

तिने गोणीची गाठ पुन्हा आवळली.

‘‘सगळ्या बोलतात, तायना मराठी नीट येत नाय.’’

‘‘खरं आहे ते.’’

‘‘पन हे बराबर लिवलंत,’’ ती म्हणाली आणि गोणीला दोन्ही हात लावले.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते मी तेव्हाही विचारलं नाही. नंतरचे महिने मी वाडीत जायचं टाळलं. जानेवारीत पाण्याची पातळी मोजायला जावंच लागलं, तेव्हा ती माहेरी होती, शिवथरच्या बाजूला. ‘‘बरी हाय,’’ एवढंच तिची सासू म्हणाली आणि विषय बदलला. पाचवा, सहावा, सातवा, मी बोटांवर मोजायचे. ऑफिसात फोन वाजला की मी पंख्याकडे बघत बसायचे, दुसऱ्या कुणी उचलावा म्हणून.

मेच्या शेवटी एका दुपारी ऑफिसात मी एकटीच होते, म्हणून मला उचलावा लागला. पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून आते बोलत होती. बोलत नव्हती, दरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ओरडत होती.

‘‘पोरगी झाली गो! सरकारी दवाखान्यात, काल पहाटं! दोगी चांगल्या हायत!’’

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

‘‘वरचा बंधारा सुकला, मधल्यात हाय अजून घडा-दोन घडे! ऐकतेस ना?’’

मी मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग?

‘‘अगो ए! हायस काय तितं? का परत कायतरी लिवाया बसलीस?’’